झाहुम्ल्येची चौकशी

मोजणीकाकांना कुणी काही सांगितलं की ते आधी सांगणाऱ्याच्या पायांकडे बघत. माणूस कुठे उभा राहून बोलतोय हे कळल्याशिवाय त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "पाऊस थांबला वाटतं," की काका विचारणार, "कुठल्या खिडकीतून बघितलंस?" मी बस उशिरा येतेय म्हटलं की, "कुठल्या स्टॉपवरून?" टीव्हीवर हवामान सांगणारी बाई उद्या ऑकलंडला ऊन पडेल म्हणाली, तर तिलाही उत्तर मिळायचं, "बाई, तुम्ही वेलिंग्टनात बसलाय." तिला ते ऐकू जात नसे, हे तिचं नशीब.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. ते मूळचे फलटणकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी तिकडे मोजणी खात्यात काढली, शेतांच्या हद्दी कायम केल्या, बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या मध्ये उभं राहून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. चाळिशीला न्यूझीलंडमध्ये आले आणि इथेही जमीनच मोजत राहिले. फ्लॅट बुशला आज जी मोठमोठी घरं ओळीने उभी आहेत, त्यांतल्या कितीतरी प्लॉटांच्या खुंट्या काकांनी ठोकलेल्या. ते म्हणत, "वहीत पहिली ओळ कसली? यंत्र कुठे लावलं त्याची. ती नसेल तर खालचे आकडे कितीही देखणे असू देत, कचरा." आम्ही भाडेकरू मुलींनी त्यांचं नाव मोजणीकाका ठेवलं ते त्यांना माहीत होतं. कुणी ठेवलं याची चौकशीही त्यांनी केली होती.

माउंट रॉस्किलला त्यांच्या घरामागे एक सुटी खोली होती, तिच्यात मी चार वर्षं राहिले. शिकायला आलेली, शिक्षण संपल्यावर एका लायब्ररीच्या काउंटरवर नोकरीला लागलेली, अशी मी. मराठी पोरगी म्हणून काकांनी खोली दिली, असं मी बरेच दिवस समजत होते. एकदा त्यांनी सहज सांगितलं, "तुझ्याबद्दल कोल्हापुरात तिघांना विचारलं होतं. तुझ्या बाई, शेजारच्या वहिनी आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. इस्त्रीवाला सगळ्यात खरं बोलतो." इस्त्रीवाल्याशी माझं एकदा जोरात भांडण झालं होतं. "तेही सांगितलं त्याने," काका म्हणाले, "म्हणून तर खोली दिली. जिच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात, तिला मी घरात घेत नाही."

चौकशी ही त्यांच्या लेखी एक विद्या होती आणि तिचे नियम होते. विचारायचं तिघांना, तेही वेगवेगळं गाठून. लग्नाचं स्थळ असेल तर मुलाच्या गावी एस.टी. स्टँडच्या कॅन्टीनमध्ये बसायचं, चहा थंड होऊ द्यायचा आणि कान उघडे ठेवायचे. सर्वांत मोठा नियम असा, की ज्याची चौकशी चालली आहे त्याला स्वतःला काही विचारायचं नाही. "तो काय सांगणार? तो तर आपल्या बाजूनेच सांगणार," असं ते मला दोन-तीनदा तरी म्हणाले असतील. या रीतीने त्यांनी दोन पुतण्या आणि एक भाची उजवली होती. तिघींचे संसार नीट चाललेत, हे ते अधूनमधून बजावत. काकू मान डोलवत आणि मग मला हळूच सांगत, की भाचीचं फारसं बरं नाही.

तसे ते सगळ्यांवर सारखाच संशय घेत, त्यामुळे कुणी मनाला लावून घेत नसे. डेअरीत गेले की दुधाची बाटली नेहमी मागच्या रांगेतून हात घालून काढायचे. कामावरची कीवी पोरं काहीही विचारलं की "स्वीट ॲज" म्हणत, म्हणजे झकास. काकांना ते फार खुपायचं. "ॲज काय? कशासारखं गोड? वाक्य अर्धं सोडणाऱ्या माणसाला खुंटी धरायला उभं करू नये." पण त्याच पोरांसाठी ते डब्यात दोन थालीपीठं जास्त नेत. शेजारचे माओरी आजोबा "किया ओरा" म्हणाले की काका "किया ओरा" म्हणून थांबत, पाच मिनिटं बोलत आणि परत येऊन आम्हाला सांगत, "माणूस चांगला आहे. अजून खात्री नाही."

मुक्ता त्यांची एकुलती एक. चार वर्षांची असताना इथे आलेली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं आणि उत्तर इंग्रजीत यायचं. फिजिओथेरपिस्ट होती आणि बापावर तिचा अतोनात जीव होता. एका रविवारी ती निकला घरी घेऊन आली. निक इलेक्ट्रिशियन, उंच, ओशाळल्यासारखं हसणारा. त्याचे आजोबा-आजी युरोपातून, एड्रियाटिक समुद्राच्या बाजूने इकडे आलेले. हेंडरसनकडे त्यांचा द्राक्षांचा मळा होता, तो विकूनही बरीच वर्षं झाली होती. आई-वडील वेगळे झाल्यावर निकला आजीनेच वाढवलं होतं, तिला तो नॅन म्हणायचा. काकांनी त्याला पोह्यांची बशी दिली आणि कुणीही विचारील तो प्रश्न विचारला, तुम्ही मूळचे कुठले.

"नॅन म्हणते, आम्ही झाहुम्ल्येचे," निक म्हणाला.

काकांनी तो शब्द लिहून घेतला. निक गेल्यावर नकाशाचं जाड पुस्तक काढलं, भिंग काढलं. झाहुम्ल्ये कुठेच नव्हतं. फोनवर शोधलं तेव्हा कळलं की ते हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं एक स्लाव्ह राज्य होतं, छोटं, केव्हाच संपलेलं. काकांनी भिंग पुसून परत ठेवलं. "नसलेल्या गावचा पत्ता देणारा माणूस," ते म्हणाले, "आमच्या कचेरीत एकाच कारणासाठी यायचा, दुसऱ्याची जमीन लाटायला."

खरं कारण अगदी साधं होतं आणि निकने ते पुढच्या रविवारी सांगितलंही. आजीचे वडील जन्मले तेव्हा देशाचं नाव वेगळं, आजी जन्मली तेव्हा वेगळं, ती बोटीत बसली तेव्हा पासपोर्टावर तिसरंच आणि आता तर चौथं. गाव मात्र जागचं हललं नव्हतं. तेव्हा कटकट नको म्हणून ती सगळ्यांत जुनं नाव सांगायची. मला हे पटलं. काकूंना इतकं पटलं की त्यांनी निकला दुसऱ्यांदा पोहे वाढले. काकांनी वहीत लिहिलं, "मुलाचं म्हणणं," आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या काउंटरसमोर उभे. मुक्ताने त्यांना सांगितलं होतं की तिला निकशीच लग्न करायचं आहे, पण बाबा हो म्हणेपर्यंत ती थांबेल. निकच्या आजीला सत्त्याऐंशी वर्षं झाली होती आणि तिला नाताळाच्या आत हे लग्न बघायचं होतं. काकांचं उत्तर ठरलेलं: चौकशी पूर्ण होऊ दे. पण इथे कुठलं एस.टी. स्टँड आणि कुठला इस्त्रीवाला? म्हणून त्यांनी पुस्तकांना विचारायचं ठरवलं होतं. मी देशभरच्या लायब्रऱ्यांतून ग्रंथ मागवायला सुरुवात केली आणि काका दर मंगळवारी कामाच्या बुटांनिशी येऊन ते वाचायला लागले. माझ्या सहकाऱ्यांना ते मोठे संशोधक वाटत.

नावाचा अर्थ दुसऱ्याच आठवड्यात सापडला. "झा" म्हणजे मागे, "हुम" म्हणजे डोंगर. झाहुम्ल्ये म्हणजे डोंगरामागचा मुलूख. हजारेक वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलच्या एका सम्राटाने हेच लिहून ठेवलंय. मला वाटलं, संपलं. निकला हो म्हणून टाका आणि हॉल शोधा. पण काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हा सम्राट तिथे गेला होता का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. "शेजारच्या मुलखांचीही नावं यानेच उलगडलीत. एक भक्कम जागा, एक गाडीवाट, एक बाप्तिस्मा न घेतलेल्यांचा. एका बैठकीत सगळ्यांचे रकाने भरलेत. ही टेबल मोजणी आहे. जागेवर न जाता कचेरीत बसून केलेली. मी ओळखतो, आमच्याकडे पुष्कळ व्हायच्या." सम्राटाने त्या डोंगरामागच्या नदीच्या नावाचा अर्थ चांगली असा दिला होता, त्यावर काका म्हणाले, "हे सांगणारा पुराच्या वेळी तिथे नव्हता."

मग त्यांना कळलं की पुढे त्या मुलखाला नुसतं हुम म्हणू लागले आणि नंतर एका सरदाराच्या किताबावरून तिसरंच नाव पडलं, ते आजही चालतं. हे तर त्यांच्या हातात कोलीतच मिळालं. "आधी डोंगरामागचे, मग डोंगर, मग सरदाराचे. अशी तीन नावं लावलेला माणूस सातबाऱ्यावर सापडला तर आपण काय समजतो?" आणखी एका विद्वानाचं मत निघालं की हुम हा शब्दच मुळात जर्मन कुळातल्या भाषांतून उसना आलेला असावा. "म्हणजे डोंगरसुद्धा त्यांचा नाही," असं म्हणून काकांनी तेही टिपून घेतलं. पण त्यांना खरा छळत होता तो एकच प्रश्न. मागे म्हणजे कुणाच्या मागे? डोंगरामागे राहणारा स्वतःला डोंगरामागचा कशाला म्हणेल? हे नाव ठेवणारा अलीकडे उभा होता, समुद्राच्या बाजूला. त्याने यंत्र कुठे लावलं हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो, आणि कुठल्याच पुस्तकात मी तो इतका स्वच्छ वाचला नाही.

तरीही मला काकांचाच संशय येऊ लागला होता. नाव हे नुसतं निमित्त असेल, खरी अडचण निकच्या रंगाची आणि देवाची असेल, असं मला वाटायचं. एकदा मी काकूंना तसं विचारलंच. काकू कोथिंबीर निवडत होत्या. "रंगाचं काही नाही गं. त्यांना पोरगी द्यायचीच नाहीये. फलटणचा मुलगा आला असता तर फलटण शब्द कुठून आला ते शोधत बसले असते." नाताळ आला आणि गेला. निक दर रविवारी येत राहिला, काकांच्या गराजमधली वायरिंग त्याने सगळी नवी करून दिली. काकांनी ती दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली.

जानेवारीत एका सकाळी लायब्ररीत काठी टेकत एक म्हातारी आली आणि तिने भारताचा नकाशा मागितला. त्यात तिला फलटण बघायचं होतं. मी बोट ठेवून दाखवलं. तिने ते बारकाईने पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तू त्यांच्या घरामागे राहतेस ना? निकने सांगितलं. हा माणूस कसा आहे?" मी म्हटलं, चांगला आहे, थोडा संशयी आहे. ती म्हणाली, "मीपण आहे. भारतीय दुकानात दोन ठिकाणी विचारून आलेय." मला हसू आवरेना. दोन्हीकडच्या चौकशा माझ्याच काउंटरवर येऊन थडकल्या होत्या.

ती मात्र हसली नाही. "मी त्याला दोनदा जेवायला बोलावलं. तो माझ्या नातवाला विचारतो, पुस्तकांना विचारतो. मला विचारत नाही. त्याला सांग, आम्ही कधीच कशाच्या मागे नव्हतो. आमच्या दारातून डोंगर समोर होता." मग उठता उठता तिने आणखी एक सांगितलं, की तिला डॉक्टरांनी फार लांबचे बेत करू नका म्हटलंय, आणि हे निकला माहीत नाही.

मी पहिलं सांगितलं आणि दुसरं सांगितलं नाही. सांगू नकोस असं तिने बजावलं नव्हतं, तरी मला वाटलं, ते माझं काम नाही. आज वाटतं, तेच माझं काम होतं. काकांनी निरोप ऐकला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बांधावरच्या दोन्ही भावांची लाच खाल्लीये. "तुला कधी भेटली? कोण कुणाकडे गेलं?" मग वही उघडून त्यांनी तिचं वाक्य उतरवलं आणि पुढे कंसात शेरा मारला, "ऐकीव."

फेब्रुवारीत तिने तिसऱ्यांदा बोलावणं पाठवलं, रविवारच्या जेवणाचं. मुक्ता म्हणाली, "बाबा, प्लीज. जस्ट गो." काकांचा एक शेवटचा ग्रंथ डनेडिनहून यायचा होता. तो वाचल्याशिवाय बाईंसमोर बसलो तर त्या सांगतील ते ऐकून घ्यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुढचा रविवार कळवला. निकची आजी गुरुवारी गेली.

चर्चमध्ये काका सगळ्यांत मागच्या बाकावर बसले. दारात प्रत्येकाला एक छापील पत्रिका देत होते, वर आजीचा तरुणपणचा फोटो, खाली तिचं नाव, मारा, आणि त्याच्या खाली जन्मगाव. आजच्या कुठल्याही नकाशात सापडेल असं एका खेड्याचं साधं नाव. आठ महिन्यांत त्या गावाचं नाव तेवढं त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. काका ती पत्रिका हातात धरून प्रार्थना संपेपर्यंत उभे राहिले, बाकीचे बसले तरी. बाहेर गाड्यांपाशी मुक्ता त्यांच्याजवळ आली. ती ओरडली नाही. "यू कुड हॅव जस्ट आस्क्ड हर, बाबा," एवढंच म्हणाली.

महिनाभरात निकने क्राइस्टचर्चला काम घेतलं आणि दोघं तिथल्या हॉर्नबीला राहायला गेली. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं, ते आम्हाला मेसेजवरून कळलं. काकूंशी मुक्ता फोनवर बोलायची. काकांना फोन द्यायला सांगायची नाही आणि काका मागायचे नाहीत. डनेडिनचा ग्रंथ आला होता, त्याची मुदत संपेपर्यंत तो माझ्याकडे पडून राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "परत पाठव." इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात त्यांनी कुणावर संशय घेतल्याचं मला आठवत नाही. डेअरीतून पुढच्या रांगेतली बाटली घेऊन यायचे. घरातलं वारंच पडलं होतं. काकूंना ते सगळ्यात जास्त लागलं.

सप्टेंबरमध्ये काकांनी कामावर रजा टाकली आणि तिकीट काढलं. भारताचं नव्हे. पंचवीस वर्षांत ते पहिल्यांदाच भारत सोडून दुसरीकडे कुठे चालले होते. काकू म्हणाल्या, "मी नाही येणार. तुमची मोजणी तुम्ही करा." पण बॅगेत मेतकुटाची पुडी त्यांनीच ठेवली. काका एकवीस दिवसांनी परतले, उन्हाने रापलेले, आणि कुणाला काही न सांगता दोन दिवस टेबलाशी बसून राहिले. मग एक जाड पाकीट हॉर्नबीला पोस्टाने गेलं.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, मला मुक्ताचा मेसेज आला. सोबत एका कागदाचा फोटो. तिला मराठी वाचता येत नव्हतं असं नाही, पण बाबांचं अक्षर लागत नव्हतं. शेवटच्या ओळीत काय लिहिलंय, असं तिने विचारलं होतं.

कागद म्हणजे मोजणीचं रीतसर टिपण होतं, शाईने काढलेलं. वर गावाचं नाव. यंत्राची जागा: श्रीमती मारा यांच्या माहेरच्या घराचा उंबरा, हल्ली राहणार भावाचा नातू. समोर: डोंगर. डोंगराच्या मागे: समुद्र. बाजूला लिहिलं होतं, "मारा यांचं म्हणणं जागेवर जाऊन तपासलं, बरोबर आहे." फलटणकडे जमीन मोजली की कागदाच्या तळाशी संबंधितांपैकी कोण हजर होतं, कोण नव्हतं, आणि का, याची नोंद करतात आणि मोजणी मान्य असल्याच्या सह्या घेतात. त्या जागी काकांच्या बारीक अक्षरात होतं: हजर, कोणी नाही. गैरहजर, मारा. गैरहजेरीचं कारण, मोजणी करणाऱ्याने उशीर केला.

मी ते इंग्रजीत तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी आहे तसंच पाठवलं. मग मुक्ताचं उत्तर आलं. निक म्हणतोय, नॅनने तरीही सही केली असती.

काका मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होते. मी त्यांना वाचून दाखवलं. "हे तो कशावरून म्हणतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काका, नातू आहे तो तिचा." "नातू आहे म्हणून काय झालं," असं काहीतरी ते बोलायला गेले. पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. काकू आतून आल्या, पदराला हात पुसले आणि त्यांच्याजवळ बसल्या.

थोड्या वेळाने काकांनी हात धुतले आणि स्वतःच फोन लावला. निकने उचलला. मला वाटलं आता हे प्रस्तावना करतील, डोंगराचं सांगतील, त्या सम्राटाचं काढतील. त्यांनी यातलं काहीच काढलं नाही. आपल्या जावयाला त्यांनी इंग्रजीत, जरा थांबत थांबत, एवढंच विचारलं, की मी तुमच्याकडे आलो तर चालेल का.